देवाची शपथ न घेता दारू कशी सुटते?

(दाभोळ येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

दाभोळला दारूवर बोलायला उभं राहायचं आणि डॉ. नरेंद्र दाभोळकरांचं नाव घ्यायचं नाही, असं होऊच शकत नाही. ते साताऱ्याचे, पण आडनाव या बंदराचं. दाभोळकर आपल्याला माहीत आहेत ते अंधश्रद्धा निर्मूलन समितीमुळे, 'साधना' साप्ताहिकामुळे, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला त्यामुळे. पण त्यांनी साताऱ्यात 'परिवर्तन' नावाचं व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, हे पुष्कळांना माहीत नसतं. मानसोपचारतज्ज्ञ असलेले त्यांचे चिरंजीव डॉ. हमीद दाभोळकर त्या कामाशी जोडलेले आहेत. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी चौकात उभं राहून दूध वाटणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. 'द दारूचा नव्हे, द दुधाचा' ही घोषणा याच चळवळीतली.

आता विचार करा, एकच माणूस अंधश्रद्धा निर्मूलन आणि व्यसनमुक्ती ही दोन्ही कामं शेजारी शेजारी का करतो? आमच्या मते त्याचं उत्तर कुठल्याही गावात मिळतं. घरातल्या कर्त्या माणसाची दारू हाताबाहेर गेली की घरचे आधी कुठे जातात? डॉक्टरकडे क्वचितच. देवाला गाऱ्हाणं घालतात, कौल लावतात, भगताकडे जातात, शपथ घालतात, कोणी अंगारा आणतं, कोणी पेपरातली जाहिरात बघून पावडर मागवतं. दोन-तीन वर्षं यातच जातात. पैसे जातात ते वेगळेच. म्हणून आजचा विषय असा मांडला आहे: देवाचा, बाबांचा, शपथेचा आधार न घेता दारू सुटते का, सुटते तर कशी, आणि सुटलेली टिकते कशी?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे व्याख्यान देवाविरुद्ध नाही. समोर बसलेल्यांपैकी कोणाची दारू माळ घातल्यामुळे सुटली असेल तर आम्हाला आनंदच आहे. पण ज्याचा विश्वास नाही, किंवा ज्याने शपथ तीनदा घेतली आणि तीनदा मोडली, त्याला 'तुझी श्रद्धाच कमी पडली' म्हणून घरी पाठवायचं का? त्या माणसासाठी हे बोलणं आहे.

मोजमाप आधी

'तो फार पितो' हे मोजमाप नव्हे. १८० मिलीची क्वार्टर घ्या. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे त्यात सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दहा ग्रॅमचं एक प्रमाण धरलं तर एका क्वार्टरमध्ये सहा प्रमाणं झाली. आपलं यकृत तासाला साधारण एक प्रमाण निकालात काढतं. म्हणजे रात्री अकराला क्वार्टर संपवून पहाटे चारला होडीवर चढणाऱ्या खलाशाच्या अंगात दारू अजून शिल्लक असते. त्याला वाटतं झोप झाली, उतरली. उतरलेली नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने दहा प्रश्नांची एक चाचणी तयार केली आहे, 'ऑडिट' नावाची. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, थांबायचं ठरवून थांबता आलं नाही असं किती वेळा झालं, सकाळी उठल्यावर लागते का, असे साधे प्रश्न. गुण शून्य ते चाळीस. आठ किंवा अधिक आले की सावध व्हायचं, वीस किंवा त्याहून जास्त आले की बहुधा अवलंबित्व आलेलं आहे, डॉक्टरांकडे जायचं. पाच मिनिटांचं काम आहे आणि भांडणापेक्षा पुष्कळ उपयोगाचं.

अवलंबित्व म्हणजे काय? दारूची तीव्र ओढ, सुरू केली की थांबता न येणं, तेवढ्याच नशेसाठी जास्त लागणं, बंद केली की हातपाय थरथरणं, बाकीच्या आवडीनिवडी मागे पडणं, आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं. या सहांपैकी तीन गोष्टी वर्षभरात एकत्र दिसल्या तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. यात 'वाईट चालीचा', 'नालायक', 'घराण्याला कलंक' असे शब्द कुठेही नाहीत.

आकडा एकच सांगतो. केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेला देशव्यापी पाहणी अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यातल्या साधारण ५ कोटी ७० लाख लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कुठल्यातरी स्वरूपाची मदत मिळालेली होती. उरलेले ३७ कुठे जातात, ते आपण मघाशीच बोललो.

तिसऱ्या रात्रीचं भूत

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाकीचं व्याख्यान विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस एके दिवशी घरच्यांच्या दबावाखाली शपथ घेतो आणि दारू एकदम बंद करतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत काहींना आकडी येते, म्हणजे फिट. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भास सुरू होतात. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं दिसतात, दाराबाहेर कोणी हाका मारतंय असं वाटतं. माणूस बडबडतो, घरच्यांना ओळखत नाही, अंगात ताप असतो, छाती धडधडते.

घरचे काय म्हणतात? 'याला कोणीतरी लागलंय. शपथ घेतली ना, म्हणून बाहेरचं खवळलंय.' आणि भगताला बोलावणं जातं.

मित्रहो, याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. मेंदूला दारूची सवय झालेली असते. दारू मेंदूला शांत करते, म्हणून मेंदू स्वतःचा जोर वाढवून तोल सांभाळत असतो. दारू एकाएकी काढून घेतली की तो वाढलेला जोर तसाच राहतो आणि सगळी यंत्रणा भडकते. यात माणूस दगावू शकतो. वेळेवर दवाखान्यात नेलं तर बहुतेक जण वाचतात. तिथे शांत करणारी औषधं मोजून देतात आणि काही दिवसांत कमी करत बंद करतात. जोडीला थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, देतात. ते फार महत्त्वाचं आहे, कारण त्याच्या अभावाने स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

म्हणजे या रात्री भगत आणि डॉक्टर यांच्यातली निवड ही मताची निवड राहत नाही, जिवाची होते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं, धुरी देणं, हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या व्यसनातून आलेले मानसिक विकारही मानसिक आजारात धरले आहेत. अशा रुग्णाला साखळदंड घालता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

म्हणून नियम असा: रोज भरपूर पिणाऱ्याने, सकाळी उठल्यावर घ्यावी लागणाऱ्याने, आणि पूर्वी दारू बंद केल्यावर ज्याला फिट आली होती त्याने, घरच्या घरी एकदम बंद करायची नाही. आधी डॉक्टर, मग बंद. आकडी आली किंवा भास सुरू झाले तर वाट न बघता १०८ ला फोन. आपल्या जिल्ह्यात रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या नावाला लोक घाबरतात. घाबरण्यासारखं काही नाही.

नकळत देण्याची पावडर

'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' ही जाहिरात तुम्ही सगळ्यांनी वाचली आहे. आमटीत, चहात मिसळून द्यायची. या पुड्यांमध्ये काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे, १९४० च्या दशकाच्या शेवटी डेन्मार्कमध्ये त्याचा हा उपयोग सापडला. ते घेतलेलं असताना दारू प्यायली की अल्कोहोलच्या विघटनातला एक विषारी टप्पा अंगात साठून राहतो. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. ज्याचं हृदय कमजोर आहे त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून हे औषध फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. नकळत दिलं तर ते औषध उरत नाही, विषप्रयोग होतो. आणि समजा पुडीत डायसल्फिराम नसून नुसता पाला असेल, तर पैसे फुकट गेले.

चांगली औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोनने पिण्यातली मजा आणि ओढ कमी होते. अकॅम्प्रोसेटने दारू सोडल्यानंतरची बेचैनी कमी व्हायला मदत होते. ही जादू नाही. काहींना उपयोग होतो, काहींना कमी होतो, आणि यकृत-मूत्रपिंड तपासूनच द्यावी लागतात. पण ती माणसाला सांगून दिली जातात. आमच्या दृष्टीने उपचार आणि चलाखी यांच्यातली रेघ इथे आहे.

माळ का चालते?

आता जरा श्रद्धेच्या बाजूनेही बघू. वारकरी परंपरेत माळ घातली की दारू-मटण बंद. या एका गोष्टीने महाराष्ट्रात किती संसार सावरले असतील. एखादा बुद्धिवादी हे नाकारत असेल तर तो डोळे मिटून बसला आहे. प्रश्न असा विचारायला हवा की माळेतलं नेमकं काय काम करतं?

एक, माणूस चारचौघांत जाहीर करतो. गळ्यात दिसणारी खूण असते, त्यामुळे कोणी आग्रह करत नाही. दोन, संगत बदलते. संध्याकाळी सातला गुत्त्याऐवजी हरिपाठ. तीन, दिवसाला आणि वर्षाला चौकट मिळते, एकादशी, वारी, सप्ताह. चार, ओळख बदलते. काल तो 'बेवडा' होता, आज 'माउली' झाला. पाच, त्याच्यासारख्याच वाटेने आलेले जुने माळकरी त्याला भेटतात.

हे पाचही भाग माणसांनी माणसांसाठी केलेले आहेत. ज्याची श्रद्धा आहे त्याला ते माळेबरोबर मिळतात. ज्याची नाही त्याला ते दुसऱ्या मार्गाने मिळवून द्यावे लागतात. धर्मनिरपेक्ष व्यसनमुक्ती म्हणजे मुळात एवढंच.

आणि माळेचा एक धोकाही आहे. ती मोडली की माणसाला वाटतं, आपण पाप केलं, आता सगळंच गेलं. मग तो लपून पितो आणि पूर्वीपेक्षा जास्त पितो. अॅलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात याचा नीट अभ्यास केला. एका घोटाने होणारं नुकसान थोडं असतं. 'आता काय उरलं' या विचाराने होणारं नुकसान मोठं असतं. मुसलमान घरात तर दारू हरामच, त्यामुळे तिथे लपवणं आणखी वाढतं आणि मदत मागायला उशीर होतो. पाय घसरणं आणि खाली कोसळणं यात फरक आहे, हे ज्याला शिकवलेलं असतं तो घसरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करतो.

एए आणि एएच्या बाहेर

१९३५ साली अमेरिकेत अॅक्रन या गावी दोन दारुडे एकमेकांना भेटले, एक शेअरबाजारातला आणि एक शल्यविशारद. त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, उभी राहिली. भारतातही तिच्या सभा अनेक वर्षं चालू आहेत, मराठीतूनही चालतात. फी नाही, नाव विचारत नाहीत. तिच्या बारा पायऱ्यांपैकी सहा पायऱ्यांत देवाचा किंवा उच्च शक्तीचा उल्लेख येतो. एए म्हणते, ती शक्ती तुम्हाला समजेल तशी माना. पुष्कळांना तेवढी मोकळीक पुरते, काहींना पुरत नाही.

ज्यांना पुरली नाही त्यांनी वेगळे गट काढले. जीन कर्कपॅट्रिक या बाईंनी १९७०च्या दशकात खास बायकांसाठी गट सुरू केला. त्यांचं म्हणणं असं की आयुष्यभर खाली मान घालून जगलेल्या बाईला पुन्हा 'मी शक्तिहीन आहे' म्हणायला लावू नका. जेम्स ख्रिस्टोफर यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर देवाशिवायच्या गटांची सुरुवात केली. १९९४ साली स्मार्ट रिकव्हरी आली. तिचा पाया अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारात आहे. मराठी वाचकांना एलिस नवे नाहीत. कि. मो. फडके यांनी हा विचार आपल्याकडे रुजवण्यासाठी आयुष्य वेचलं.

मग कोणती पद्धत श्रेष्ठ? इथे प्रामाणिक राहायला हवं. २०२० साली कॉक्रेनने २७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात पूर्ण दारूबंदी टिकवण्याच्या बाबतीत एए आणि एएकडे नेणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीस तोड, काही बाबतींत सरसही दिसले. म्हणजे बुद्धिवाद्यांनी एएची टिंगल करण्याचं कारण नाही. आणि त्यामागचं कारण शोधलं तर देवापेक्षा माणसांची कामंच पुढे येतात: संगत बदलणं, आत्मविश्वास, मोहाला तोंड देण्याची सवय. दार कुठलं याहून, माणूस आत येऊन टिकतो का हे महत्त्वाचं.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण म्हणजे पुण्याचं मुक्तांगण. २९ ऑगस्ट १९८६ ला ते सुरू झालं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी आर्थिक मदत केली. तिथे एएच्या विचारांचाही उपयोग होतो, पण उपचाराचा कणा वेगळा आहे. आधी औषधांनी शरीर सावरायचं, मग साधारण महिनाभराच्या निवासी काळात गटचर्चा, समुपदेशन, व्यायाम, कला, आणि घरी गेल्यावर पाठपुरावा. तिथे काम करणारे कित्येक जण स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत. 'हा बोलतोय त्याला माहीत आहे' हा विश्वास पुस्तक वाचलेल्या माणसाला मिळत नाही.

आणि आपल्या शेजारच्या गोव्यात एक फार उपयोगी प्रयोग झाला. 'संगाथ' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, पिण्यामुळे नुकसान होऊ लागलेल्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. निम्म्या लोकांना नेहमीच्या उपचाराबरोबर समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका दिल्या. त्या दिल्या कोणी? डॉक्टरांनी नाही, प्रशिक्षण दिलेल्या गावातल्याच साध्या लोकांनी. तीन महिन्यांनी पाहिलं तर मागच्या दोन आठवड्यांत अजिबात न प्यायलेले या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात १८ टक्के. २०१७ साली हे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. हे अवलंबित्वाच्या टोकाला गेलेल्यांसाठी नव्हतं, त्याआधीच्या पायरीवरच्यांसाठी होतं. पण दाभोळसारख्या गावासाठी त्याचा अर्थ मोठा आहे. आशाताई, शिक्षक, एखादा तांडेल, बचतगटातली बाई, यांना शिकवलं तर हे काम गावातच होऊ शकतं.

चार कामं

देव बाजूला ठेवून रोज काय करायचं? स्मार्ट रिकव्हरीच्या पद्धतीत चार कामं आहेत. आम्ही ती इथल्या भाषेत सांगतो.

पहिलं, कारण पक्कं करणं. वहीच्या पानाचे चार चौकोन करा. पिण्याचे फायदे, पिण्याचे तोटे, सोडण्याचे फायदे, सोडण्याचे तोटे. फायदे खोटे लिहू नका. थकवा जातो, चार मित्र जमतात, झोप येते, हे खरंच आहे. प्रत्येकासमोर लिहा: हे तात्पुरतं की टिकाऊ? पान खिशात ठेवा. 'मुलांची शपथ' त्या क्षणी आठवत नाही, लिहिलेलं पान वाचता येतं.

दुसरं, ओढीला तोंड देणं. मार्लॅट यांनी ओढीला लाटेची उपमा दिली. समुद्रावरच्या माणसाला ती समजावून सांगायला नको. लाट येते, उंच होते, फुटते, ओसरते. ओढही बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. माणसाला वाटतं ती वाढतच जाणार, म्हणून तो आधीच शरण जातो. त्या अर्ध्या तासात जागा सोडा, पोटभर खा, कोणाला फोन लावा, हाताला काम द्या, जाळं विणायला बसा. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार वेळी ओढ जास्त येते, हेही ध्यानात ठेवा.

तिसरं, विचारांची तपासणी. समजा, तांडेलाने सगळ्यांसमोर झापलं आणि संध्याकाळी माणूस प्यायला. तो म्हणतो, तांडेलामुळे प्यायलो. एलिस विचारतील, मध्ये काय घडलं? मध्ये एक वाक्य घडलं: 'असा अपमान मला सहनच होणार नाही, आता घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.' हे वाक्य खरं आहे का? अपमान वाईट आहे, पण सहन होत नाही असं आहे का? याआधी सहन केले नाहीत का? 'मला राग आलाय, आणि मी राग घेऊन घरी जाऊ शकतो' हे वाक्य त्या जागी ठेवलं तर पुढचं बदलतं. हे एका दिवसात जमत नाही. पोहण्यासारखं आहे, सरावाने येतं.

चौथं, रिकामी जागा भरणं. दारू रोजचे चार तास खात होती. ते चार तास मोकळे झाले की खायला उठतात. म्हणून वेळापत्रक लागतं: काम, व्यायाम, मुलांचा अभ्यास, भजन आवडत असेल तर भजनसुद्धा, भजनाला श्रद्धेची सक्ती नाही, आवाज असला की पुरे.

याला इथली दिनदर्शिका जोडा. जून-जुलैची मासेमारी बंदी म्हणजे दोन महिने रिकामे हात. वाटणीचा दिवस म्हणजे खिशात रोख. गणपतीत चाकरमानी येतात, कोणाच्या तरी बॅगेत बाटली असते. शिमग्यात पालखीच्या मागून काय फिरतं ते सगळ्यांना माहीत आहे. हे दिवस अचानक येत नाहीत, कॅलेंडरवर छापलेले आहेत. मग त्यांची तयारी महिनाभर आधी का करू नये? वाटणीचे पैसे त्या दिवशी थेट बायकोच्या खात्यात. शिमग्याला न पिणाऱ्या दोघांबरोबरच निघायचं आणि घरी परतायची वेळ आधी ठरवायची. 'घे रे एक' म्हणणाऱ्याला द्यायचं वाक्यही आधी पाठ करून ठेवायचं: 'डॉक्टरांनी बंद केलीय, गोळ्या चालू आहेत.' एवढं पुरतं. वाद घालायचा नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*थोडी थोडी, सणापुरती घेतली तर चालेल का?*

ज्याचं पिणं अजून अवलंबित्वापर्यंत गेलेलं नाही, त्याला कमी करून थांबता येतं. गोव्यातला प्रयोग अशांसाठीच होता. पण ज्याला सकाळी हात स्थिर करायला दारू लागत होती, त्याने 'सणापुरती' हा शब्द विसरावा. ज्यांनी तसं करून पाहिलं त्यातले बहुतेक काही आठवड्यांत जुन्या मापावर येतात. त्याच्यासाठी पूर्ण बंद हेच सोपं आहे, कारण त्यात रोज मोजणी करावी लागत नाही.

*माझा नवरा ऐकतच नाही. मी काय करू?*

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. ओरडून, बाटल्या फोडून, माहेरी निघून जाऊन तुम्ही सगळं करून पाहिलं असेल. एक पद्धत आहे जी घरच्यांना शिकवली जाते. तिच्यात तीन गोष्टी असतात. तो शुद्धीत असतानाच बोलायचं, आणि न प्यायलेली संध्याकाळ त्याला गोड जाईल असं बघायचं. प्यायल्यावरचे परिणाम मात्र झाकायचे नाहीत, म्हणजे मालकाला 'ताप आलाय' असं खोटं सांगायचं नाही, उधारी भागवायची नाही. आणि तो स्वतः पस्तावलेला असेल त्या सकाळी डॉक्टरांचं नाव पुढे करायचं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात या पद्धतीने ६४ टक्के माणसं उपचाराला तयार झाली. सगळ्यांनी मिळून त्याला एकदम घेरून समजावण्याच्या पद्धतीत ३० टक्के. मात्र तो मारत असेल तर आधी तुमची आणि मुलांची सुरक्षितता, मग त्याची दारू. हा क्रम बदलू नका. आणि त्याच्या पिण्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

*मी रोज देवाला हात जोडतो. तुमचं ऐकलं तर ते सोडावं लागेल का?*

अजिबात नाही. हात जोडा आणि गोळीही घ्या. देवाला गाऱ्हाणं घालून झालं की त्याच दिवशी दवाखान्यातही जा. आमचा विरोध एवढ्यालाच आहे की कोणी म्हणेल, 'गोळी बंद करा, आम्ही बघतो.' असं म्हणणारा माणूस, तो कुठल्याही धर्माचा असो, तुमच्या जिवाशी खेळतो आहे.

*सोडून आठ महिने झाले होते, मागच्या गणपतीत पुन्हा प्यायलो. आता पहिल्यापासून सुरुवात?*

आठ महिने तुम्ही शिकलात ते पुसलं गेलेलं नाही. साधारण २४० दिवसांपैकी किती दिवस प्यायलात? मोजा. मग बसून लिहा: कोणाबरोबर होतात, काय वाजलं होतं, जेवला होतात का, खिशात किती पैसे होते, मनात कुठलं वाक्य आलं. त्यातून पुढच्या गणपतीची तयारी होते. हे लिहिणं लाज म्हणून नाही, वादळानंतर होडी तपासतात तसं.

शेवटी दोन नंबर लिहून घ्या. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. दोन्ही मोफत आहेत. फोन पिणाऱ्यानेच करायला हवा असं नाही. बायको, आई, मुलगा, शेजारी कोणीही करू शकतो. आणि इथून उठताना प्रत्येकाने एक ठरवा: आपल्या ओळखीत दारू सोडू पाहणारं कोणी असेल, तर त्याला पहिल्या चार दिवसांत एकटं ठेवायचं नाही, आणि भास सुरू झाले तर गाडी भगताच्या नव्हे, दवाखान्याच्या दिशेने वळवायची.